जोडीदार

परदेशी जाताना बॅगेत आपला स्ट्रायकर न्यावा. नियमाने तो फार तर १५ ग्रॅमचा. वजनाची चिंता नाही. बोर्ड तिकडे मिळतो. खेळणारे मात्र शोधावे लागतात.

शारजात मला ते एका मेसच्या मागच्या खोलीत सापडले. दोन मलबारी, एक कराचीचा, एक श्रीलंकन. भाषा वेगवेगळ्या, पण राणी घेतली की लगेच कव्हर द्यावं लागतं, हे कुणाला सांगावं लागलं नाही. श्रीलंकनाचा हात सर्वांत साफ. तो २०१२चा त्यांचा विश्वविजेता निशांत फर्नांडो ऐकवायचा. मी २०१६ला बर्मिंगहॅममध्ये जिंकलेला आपला मुंबईचा प्रशांत मोरे.

अब्बांना पत्ते चालत नसत. कॅरमला परवानगी होती, दोन अटींवर : पैसे लावायचे नाहीत आणि असरची नमाज चुकवायची नाही. परळच्या चाळीत गणपती मंडळाचा बोर्ड बारा महिने गॅलरीत असे, बल्बखाली. १९९३च्या जानेवारीनंतर आम्ही मुंब्र्याला गेलो. तिथे खोली मोठी मिळाली, डबल्सला समोर बसणारा मिळाला नाही.

मग एका शुक्रवारी मेसमध्ये लालबागचा एकजण आला. माझ्याच वयाचा, गिरणी कामगाराचा मुलगा. आमची चाळ त्याला ठाऊक होती.

"मुंब्र्याला कधी गेलात तुम्ही?"

मी साल सांगितलं.

तो काही बोलला नाही. बोर्डावर पावडर पसरली, सोंगट्या लावल्या आणि माझ्या समोरच्या स्टुलावर बसला.

"घे, ब्रेक तू कर."