नाजूक माल

आमच्या घरातून परदेशी जायचा मान आजवर द्राक्षांचाच. थॉमसनचे घड रॉटरडॅमला जातात, आम्ही फार तर शिर्डीला. यंदा सीझन आटोपत आला आणि मुलगा म्हणाला, "आई, आम्ही तिघं बारा दिवस हॉलंडला जाऊन येतो. ट्यूलिपही बघू आणि आपला माल उतरतो कुठे तेही." तिघांतली तिसरी दहा महिन्यांची. माझ्या हातातली कात्री थांबली.

खरं तर नाजूक माल लांब कसा धाडायचा, हे पिंपळगावच्या बाईला शिकवावं लागत नाही. उन्हं चढायच्या आत घड उतरवायचा, देठाला धरायचा. मण्याला बोट लावायचं नाही. वरची पांढुरकी लव पुसली गेली की घड शिळा दिसतो. तडकलेला मणी कात्रीच्या टोकाने असा काढायचा, की शेजारच्याला कळू नये. अर्ध्या किलोचा एक पनेट, दहा पनेटचा पाच किलोचा बॉक्स, वर ग्रेपगार्डचा कागद. त्या कागदातून गंधकाचा वायू थोडा थोडा सुटत राहतो आणि बुरशीला लांब ठेवतो. मग प्री-कूलिंग, मग शून्य अंशाच्या आसपासचा कंटेनर, मग न्हावा शेवा. आणि 2006 पासून ग्रेपनेटवर प्रत्येक प्लॉटची नोंद असते. तिकडे काही खोट निघाली, तर बॉक्सवरच्या नंबरावरून माग थेट आमच्या बांधापर्यंत येतो.

एवढं सगळं येत असून, नातीची बॅग भरायला बसले आणि हात गळाले.

सुरुवात फोटोपासून झाली. फोटोवाल्याने पांढरी चादर अंथरली, तिला उताणी निजवलं आणि म्हणाला, "काकू, तेवढी तीट पुसा. चेहरा साफ दिसायला हवा." मी पदराने पुसली. फोटो निघताक्षणी कानामागे दुप्पट मोठी लावली. पासपोर्ट पाच वर्षांचा मिळाला. पाच वर्षांनी त्यातला चेहरा तिचा तिला ओळखू येणार नाही. व्हिसाला तिची फी लागली नाही; सहा वर्षांखालच्या मुलांना ती माफ असते. बोटांचे ठसेही घेतले नाहीत. तिचे ठसे सगळे आमच्या कपाटाच्या आरशावर. ते मी अजून पुसलेले नाहीत.

मग पलंगावर दोन ढीग लागले. एक सुनेचा, मोबाइलमधल्या यादीप्रमाणे: डायपर, ताप-जुलाबाची औषधं, लसींचं कार्ड, विमान चढता-उतरताना पाजायला हाताशी बाटली. घोट घेत राहिलं की बाळाच्या कानांना दडे कमी बसतात म्हणे. दुसरा ढीग माझा: झबली, कुंच्या, लोकरीचे मोजे, नाचणीचं सत्त्व, वेखंडाचं कांडं, जायफळ आणि घरच्या तुपाची बरणी.

"आई, तूप नाही नेता यायचं."

युरोपात बाहेरून येणाऱ्याला दूधदुभत्याचं काही नेता येत नाही. बाळाची दुधाची पावडर तेवढी चालते. तीही कंपनीची, न फोडलेली, दोन किलोपर्यंत. बरणी उचलून फडताळात ठेवली. म्हटलं, निदान आपल्या बागेतला एक घड तरी पर्समध्ये टाका. मुलगा हसला. तेही जमत नाही. डिसेंबर 2019 पासून तिकडे ताज्या फळाला रोगकिडीच्या तपासणीचं सर्टिफिकेट लागतं. केळं चालतं, खजूर चालतो, द्राक्ष नाही. म्हणजे आमचा अख्खा कंटेनर सर्टिफिकेट घेऊन जाणार आणि मालकाच्या नातीच्या खाऊचा घड मुंबईच्या अलीकडेच संपवायचा.

तसं द्राक्ष तिला अख्खं देतच नाही आम्ही. एवढासा मणी, पण बाळाच्या घशात नेमका अडकेल अशा मापाचा. मालाला आम्ही मणी मोठा करायला धडपडतो आणि तिच्यासाठी तोच उभा चिरून चार फाकी करतो. द्राक्षवाल्याच्या घरात द्राक्षाची सर्वांत जास्त भीती तिच्या ताटलीपाशी.

थंडीचं मात्र मी मनावर घेतलं नाही. निफाड तालुक्यातलं लेकरू आहे ते. पौषात कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा पेपरात छापून येतो, बागेत मण्यांना ऊब मिळावी म्हणून रात्री शेकोट्या पेटतात. त्या थंडीत ती सहा-सात महिन्यांची असताना पांघरूण लाथाडून झोपायची. तिला हॉलंडचा एप्रिल काय करणार? असं म्हणत मी आणखी दोन स्वेटर ठेवले.

बॅग काट्यावर चढली, उतरली, पुन्हा चढली. शेवटी सून माझ्याशेजारी बसली आणि हळूच म्हणाली, "आई, तिकडेपण लहान मुलं असतात."

माझा ढीग मीच मग विरळला. घडाची विरळणी करावी तसा. एक स्वेटर काढला, जायफळ काढलं, वेखंड काढलं. काढताना कळलं, यातलं निम्मं सामान बाळासाठी नव्हतंच. ते माझ्या काळजीला बसायला जागा म्हणून होतं. सासूबाईंच्या नऊवारीची गोधडी मी आपणहून बाजूला ठेवली. जड आहे, जुनी आहे. सुनेने ती उचलली आणि हातातल्या बॅगेत सगळ्यांत वर कोंबली. "हिच्या वासाशिवाय ती झोपते कुठे?" माझ्या बॉक्सवर नंबर पडला.

रात्री गाडी टोलनाक्याकडे वळेपर्यंत मी ओट्यावर उभी होते. गंमत अशी, की मार्चमध्ये भरलेला आमचा माल तेव्हा अजून समुद्रातच होता. 2023 च्या अखेरीस लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हापासून कितीतरी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. द्राक्षं आधी निघाली, पण पोचली नात आधी. मुंबईहून विमानाने नऊ-दहा तासांत.

इकडे खरड छाटणी सुरू झाली. वेली बोडक्या, घर बोडकं. चौथ्या दिवशी सुनेचा फोन आला. दुकानात द्राक्षं मिळाली होती, पनेटवर भारत लिहिलेलं. तिने चार फाकी करून भरवली.

"मग?"

"तोंड वाकडं केलं नि थुंकली. आंबट लागली असावीत."

"मग ती आपली नव्हेत," मी म्हटलं, आणि फडताळातली तुपाची बरणी उगाच पुढे ओढून ठेवली.