तुटक्या खडूंची बाजू

जूनमध्ये बालवाडीत मेणखडूंचा नवा डबा उघडतो आणि जुलै सरेपर्यंत त्यातला एकही खडू धड उरत नाही. वरचा कागद सोललेला, टोकं बोथट, लाल तर बहुधा परागंदाच. पालकांना ही नासधूस वाटते. मला मात्र या तुकड्यांची बाजू घ्यायची आहे.

अख्खा खडू तीन वर्षांचं मूल मुठीत धरतं. मूठ आवळली की बोटं अडकून पडतात आणि हलतो तो खांदा, फार तर कोपर. म्हणून त्या वयाच्या रेघा झोकदार, गरगरत्या, कागद ओलांडून थेट फरशीवर उतरणाऱ्या. तोच खडू मोडून पेराएवढा झाला की मुठीचं काही चालत नाही. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांनाच पुढं यावं लागतं. पहिलीच्या बाई ज्या पकडीसाठी पुढं जीव टाकतात, ती हा तुकडा न बोलता लावतो. खडू मुद्दाम मोडून देणाऱ्या ताई मी पाहिल्या आहेत. त्यांच्याविषयी मला फार आदर आहे.

लिहायला लावण्याची घाई कुठं होते, ते मनगटात डोकावलं की कळतं. मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मलेल्या बाळात ती जवळजवळ सगळी कूर्चाच असतात. मग एकेक करत हाड धरतं आणि शेवटचं तर नवव्या-दहाव्या वर्षाच्या आसपास किंवा त्याहूनही उशिरा. तीन वर्षांच्या मुलाच्या एक्स-रेत मनगटाची जागा अर्ध्याहून अधिक रिकामी दिसते. आणि आपण त्याच हाताकडून दुरेघीत ‘अ’ मागतो! खांब रोवायच्या आत मांडवात पंगत बसवण्यातला हा प्रकार.

मारिया माँटेसोरी डॉक्टर होत्या, त्यामुळे त्यांनी हाताकडे आधी पाहिलं असावं. १९०७ मध्ये रोममधल्या गरीब वस्तीत त्यांनी बालगृह सुरू केलं. पुढं त्यांच्या साधनांत धातूच्या चौकटी आल्या: आत गोल, त्रिकोण, लंबगोल असे आकार कापलेले. मुलानं कडेकडेनं रंगीत पेन्सिल फिरवायची, मग चौकट उचलून उमटलेला आकार दुसऱ्या रंगाच्या रेघांनी भरायचा. दिसायला रंगकाम, पण खरी तालीम थांबण्याची. हात पुढं नेणं कुणालाही जमतं. कडेपाशी आल्यावर त्याला आवरणं अवघड. आधी धातूची कड हाताला अडवते, मग नुसती पेन्सिलीची रेघ पुरते. अक्षराला लागतं ते हेच आवरणं.

छापील चित्रांच्या वह्यांवर म्हणूनच माझा सरसकट राग नाही. पाच वर्षांच्या मुलाला आंब्याच्या रेघेआत रंग भरू द्यावा. त्यात त्याला मजाही येते. तीन वर्षांच्या मुलाला मात्र ‘बाहेर गेलं बघ’ म्हणणं हा निव्वळ जाच. त्याला कोरा, मोठा कागद द्यावा आणि शक्यतो भिंतीवर चिकटवून द्यावा. उभ्या कागदावर रंगवताना मनगट आपसूक मागं झुकतं आणि तसं झुकलं की बोटांना जोर मिळतो.

भिंतीचं हे नातं आपल्याकडे जुनं आहे. डहाणूकडच्या वारली घरांत गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं, चावून मऊ केलेल्या बांबूच्या काडीनं चित्रं उमटत आली. त्याच मुलुखात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी मुलांचं शिक्षण मांडलं. १९४५ मध्ये बोर्डीला आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर. माँटेसोरींचं मर्म त्यांनी घेतलं, महागडी साधनं मात्र परवडणारी नव्हती. मग शंख-शिंपले, खडे, बिया, पानं हीच साधनं झाली. बी चिमटीत उचलून ओळीत मांडणारं मूल खडू धरायलाच शिकत असतं.

आणि रांगोळी? चिमटीतून पीठ सोडायचं, तेही कमीजास्त न होता, हात उचललेला, मनगट अधांतरी. बोटांचा याहून बारीक व्यायाम दुसरा क्वचितच असेल. आज दारापुढं तयार स्टिकर चिकटलेला असतो आणि बोटांच्या तयारीसाठी आपण वेगळा क्लास शोधतो. टचस्क्रीनवर बोट नुसतं सरकतं. त्याला दाब लागत नाही. खडूला लागतो. हलका दाबला तर फिका, जोर दिला तर गडद, फारच दिला तर कट्‌कन दोन. जोर किती लावायचा, हे हाताला असंच कळत जातं.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार वयाच्या तिसऱ्या वर्षापासून तीन वर्षं पूर्वप्राथमिकची आहेत आणि पहिली त्यानंतर, सहाव्या वर्षी. पालकहो, ही तीन वर्षं हाताची आहेत. शाळेनं छोट्या गटात दुरेघी वही मागितली, तर ती कशासाठी, एवढं तरी बाईंना जरूर विचारा.