अम्मीचा 'से'

अम्मीने मोहल्ल्यातल्या मुलांना कायदा शिकवणं बंद केलं तेव्हा आम्हाला वाटलं, वय झालं. मलकापूरच्या आमच्या गल्लीत दोन पिढ्या तिच्या ओसरीवर डोलत डोलत अलिफ-बे शिकल्या, मीही त्यातलाच. कारण विचारलं तर एवढंच म्हणाली, "बेटा, बच्चे गलत सीख जाएंगे."

अर्थ नंतर लागला. तिचे वरचे पुढचे दात हलत होते. अरबीतले 'से', 'जाल', 'जोय' म्हणायला जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांच्या कडेला लागावं लागतं. 'फे'ला तीच कड खालच्या ओठावर टेकते. दात हलला की मखरज हलला. मी उर्दू आणि मराठी शिकवतो, उच्चारावरून पोरांना रोज टोकतो, पण घरातला 'से' बिघडलेला माझ्या कानाला कळला नाही.

हिरड्यांचा आजार बहुतेक वेळा दुखतच नाही. सकाळी थुंकीत थोडं रक्त दिसतं, आपण ब्रश बदलतो. दातांच्या मुळाशी कीटण साचतं, हिरडी सुजते, दात सोडू लागते आणि आतलं हाड झिजत जातं. झिजलेलं हाड बहुधा परत येत नाही. अम्मीला शुगर होती. शुगर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की शुगर आटोक्यात येत नाही, असा तो दुहेरी फास. शिवाय वर्षानुवर्षांची मिशरी. मिस्वाकची सुन्नत आमच्या घरात सगळ्यांना तोंडपाठ, तरी डब्यातली मिशरी कुणाला खटकली नाही. "दात साफ केल्याने हलतात" ही समजूतही होतीच. खरं तर कीटण काढल्यावर फक्त मोकळी फट दिसते. दात आधीच सैल झालेला असतो.

मागे वळून पाहिलं की एकेक आठवतं. भाकरी रश्शात भिजवून खाणं. इफ्तारला पेरू बाजूला सारणं. लग्नात ओढणीचं टोक तोंडावर धरून हसणं. नातीला जवळ घेताना मान वळवणं, तोंडाला वास येतो म्हणून. यातलं काहीच तिने आजार म्हणून सांगितलं नाही.

तोंडाच्या आजाराने जगणं किती बिघडलं हे मोजायला जगभर 14 प्रश्नांची एक प्रश्नावली वापरतात. तिचा पहिलाच प्रश्न शब्द उच्चारायला त्रास होतो का, हा आहे. तो वाचला तेव्हा मी बराच वेळ गप्प बसलो.

चार दात काढावे लागले. बाकीच्यांची सफाई झाली, मिशरी सुटली (भांडून), आता कवळी आहे. सुरुवातीला 'से'च्या जागी शिट्टी निघायची आणि नात खिदळायची. गेले काही दिवस फजरनंतर अम्मी आरशासमोर बसून हरफ घोकते. परवा मला बोलावून म्हणून दाखवले. मी म्हणालो, बरोबर आहेत.

"झूठ मत बोल," ती म्हणाली, "जाल अभी कच्चा है."