बोलता येईल इतक्याच वेगाने

दीर्घकाळ लांबलेल्या प्रवासाचा पहिला दिवस हाच सर्वांत जोखमीचा असतो, असे आता मला वाटते. घरात बसून साचलेली सारी हौस त्या एका दिवसाच्या वाट्याला येते. पहाटे निघायचे, शक्य तितकी ठिकाणे पाहायची, राहून गेलेले सगळे भरून काढायचे, असा बेत ठरतो. ज्या शरीराच्या जोरावर हे करायचे, ते मात्र दीड वर्ष अंगण आणि गच्ची यांपलीकडे गेलेले नसते. आजारातून उठलेल्या माणसाच्या बाबतीत तर ही तफावत अधिकच मोठी. आपल्याही घरी असा बेत शिजत असेल, तर आमच्या पहिल्या दिवसाची ही हकिकत कदाचित उपयोगी पडेल.

एप्रिल २०२० मध्ये आमच्या विवाहाला तीस वर्षे पूर्ण होणार होती. त्यानिमित्त दोघांनीच हम्पीला जायचे ठरले होते. मार्चमध्ये टाळेबंदी लागली, रेल्वे थांबली आणि तिकिटांचे पैसे परत आले. पुढच्या वर्षी त्याच एप्रिलात माझे पती करोनाने आजारी पडले. अकरा दिवस रुग्णालयात होते, त्यांतले सहा दिवस ऑक्सिजनवर. ते दिवस कसे होते, हे आपल्याला नव्याने सांगायला नको. बहुतेक घरांनी ते कोणत्या ना कोणत्या रूपात पाहिले आहेत.

घरी आल्यावर आठवडाभर ते वेगळ्या खोलीत राहिले. दाराआडून ते ऑक्सिमीटरवरचा आकडा सांगत आणि बाहेर बसून मी तो वहीत टिपून घेई : ९४, ९३, ९५. खोलीचे दार उघडले, तरी आमचे बोलणे पुष्कळसे आकड्यांतच चालू राहिले. ‘किती आला?’ हा दिवसातला पहिला प्रश्न झाला. ते जिना चढू लागले की माझे कान त्यांच्या श्वासाकडे लागत. आणि माझे कान लागले आहेत, हे त्यांना कळत असे. आजार ओसरला, परंतु एक रुग्ण आणि दुसरी शुश्रूषा करणारी, हे नाते काही घरातून हलेना.

नोव्हेंबर २०२१ पर्यंत दोघांच्या लशीच्या दोन्ही मात्रा झाल्या होत्या. प्रवासाला निघण्यापूर्वी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. सहा मिनिटे सलग चालून आधीचा आणि नंतरचा ऑक्सिजन मोजण्याची चाचणी समाधानकारक आली. डॉक्टरांनी परवानगी दिली आणि एक साधा नियमही सांगितला : चालताना पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे, वाक्य मध्येच तुटू लागले की थांबायचे.

या नियमामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. बोलताना आपण उच्छ्वास लांबवतो. श्रम वाढले, की स्नायूंना अधिक ऑक्सिजन लागतो, श्वास जलद होतो आणि उच्छ्वास लांबवण्यास सवड उरत नाही. म्हणून मध्यम श्रमात माणूस बोलू शकतो, पण गाऊ शकत नाही. श्रम त्याहून वाढले, की बोलणेही तुटते. ऑक्सिमीटर बोटातून प्रकाश पाठवून मोजमाप करतो. बोट हलते असेल, गार पडले असेल किंवा नखाला रंग लावलेला असेल, तर आकडा फसवा येतो. तो बसून, विश्रांतीनंतरच पाहावा. चालत्या वाटेवर बोलणे हेच मापक अधिक सोयीचे. आकडा सकाळी एकदा आणि रात्री एकदा पाहायचा, असे आमचे ठरले.

हम्पीच्या जागी आम्ही धुळे निवडले. पहिला मुक्काम तेथे आणि दुसऱ्या दिवशी सप्तशृंगीचा गड. गडावर आता फ्युनिक्युलर ट्रॉलीची सोय असल्याने पायऱ्यांचा प्रश्न नव्हता. जळगावच्या माणसाने सहलीला धुळ्याला जावे, याचे नातेवाइकांना हसू आले. परंतु अंतर सुमारे ९० किलोमीटर, वाटेत कुठूनही परत फिरता येणारे. आम्हाला तेच हवे होते.

रविवारी सकाळी नऊ वाजता, न्याहारी करून, निवांतपणे निघालो. गाडीच्या काचा चार बोटे खाली ठेवल्या होत्या. बांभोरीला गिरणेचा पूल ओलांडला तेव्हा गार वारा थेट तोंडावर आला. दोन्ही बाजूंच्या शेतांत कापूस वेचणी चालू होती. एसटीचा संप असल्याने लाल गाड्या दिसत नव्हत्या. एरंडोलला एकदा आणि पारोळ्याला एकदा, असे दोनदा थांबलो. दोन्ही वेळा गाडीतून उतरून दहा मिनिटे पाय मोकळे केले.

पारोळ्याच्या भुईकोट किल्ल्यापासून थोड्या अंतरावर, झाडाखाली, शिदोरी सोडली. कळण्याची भाकरी आणि तुरकाठ्यांवर भाजलेल्या वांग्यांचे भरीत. खोकला येऊ नये म्हणून मिरची बेताची घातली होती. आजारात गेलेला त्यांचा गंध पुरता परतला नव्हता. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी हे चार वास सकाळ-संध्याकाळ लक्षपूर्वक घेण्याचा सराव ते महिनोन्‌महिने करीत होते. लवंग तेवढी जुलैत कळू लागली होती. भरिताचा डबा उघडल्यावर ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “अगं, जरासा धूर लागतोय.” मी काहीच बोलले नाही. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि पुन्हा वास घेतला.

दुपारी धुळ्यात पोहोचल्यावर दोन तास झोप घेतली. प्रवासाच्या पहिल्या दिवशी ही झोप वाया गेलेला वेळ समजू नये. संध्याकाळचे चालणे तिच्यावरच अवलंबून असते. उन्हे उतरल्यावर आम्ही शहराबाहेर, मुंबई–आग्रा महामार्गालगतच्या लळिंग किल्ल्याकडे गेलो. फारुकी राजवटीत महत्त्व पावलेला हा डोंगरी किल्ला. पूर्वी दोघे मिळून एका दमात वर जात असू.

चढताना ते बोलत होते. नियमासाठी म्हणून सुरुवात झाली आणि बोलता बोलता ते रुग्णालयातल्या रात्रींवर आले. त्यांच्या शेजारच्या पलंगावरचे गृहस्थ रोज पहाटे आपल्या शेतातल्या केळीविषयी बोलत. त्या आठ महिन्यांत हे मी प्रथमच ऐकत होते. “मग पाचव्या दिवशी पहाटे मी उठलो, तर पलंग...” एवढे म्हणून वाक्य तुटले.

श्वास अपुरा पडला की गळा दाटून आला, हे मला कळेना. मी विचारलेही नाही. दोन्हींचा उपाय एकच होता. आम्ही वाटेकडेच्या दगडावर बसलो. बकऱ्या घेऊन उतरणारे एक आजोबा आमच्याकडे पाहून हसले : “बठा, बठा. गड काय पयी जाई ऱ्हायना का?” गड खरोखर कुठे पळून जात नव्हता. काही वेळाने यांनी ते वाक्य पूर्ण केले. माथा अजून बराच वर होता. “अहो, उतरायचं?” असे मी म्हटले आणि ते लगेच उठले. खाली महामार्गावर दिवे लागले होते.

मुक्कामाकडे परतताना धुळ्याच्या तुरुंगाचा विषय निघाला. १९३२ साली, २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात, विनोबांनी तेथे दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन दिले. साने गुरुजींनी ते लिहून घेतले. अठरा अध्याय, अठरा रविवार. बंदिवासात एकाने बोलायचे आणि दुसऱ्याने टिपायचे. आमच्या दाराआडच्या वहीत नुसते आकडेच उतरले होते. शेजारच्या पलंगाची गोष्ट त्या संध्याकाळी सांगितली गेली.

रात्री त्यांनी आपण होऊन बोट पुढे केले. ९६. तो लिहिला आणि वही मिटली.

आपणही असे निघणार असाल, तर पहिला दिवस थोडका ठेवा. दोघांपैकी ज्याचा श्वास लवकर भरतो, त्याच्या चालीने दुसऱ्याने चालावे. छातीत दुखले, चक्कर आली, विश्रांतीनंतरही धाप कमी झाली नाही किंवा ऑक्सिजन ९४च्या खाली राहिला, तर पुढचा बेत बाजूला ठेवून डॉक्टरांना गाठा. दुसऱ्या दिवशी थकवा अनपेक्षित वाटला, तर आदल्या दिवशी श्रम अधिक झाले असे समजून बेत आणखी कमी करा. आणि चालताना बोलत राहा. प्रकृतीच्या प्रश्नांपलीकडचे बोलायचे पुष्कळ शिल्लक असते. त्याला वाट मिळायलाही अशी सावकाश चाल लागते.