डब्यातला डबा

ग्राफिक कार्डाबद्दल विचारा, आमच्या ऑफिसमधला कुणीही पोरगा तासभर लेक्चर देईल. प्रोसेसरचंही तेच. कॅबिनेटला काच हवी का, आतले लाइट निळे की गुलाबी, यावर तर हिंजवडीच्या कॅन्टीनमध्ये दोन पार्ट्या पडल्यात. पण एसएमपीएस कुठला घेऊ, असं विचारा... सगळे एकदम चहाच्या कपात बघायला लागतात. "कुठलाही घे गं, ब्रँडेड घे म्हणजे झालं!" संपला विषय.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी : एसएमपीएस म्हणजे कॅबिनेटच्या तळाशी बसणारा तो काळा डबा. भिंतीतून २३० व्होल्टचा एसी करंट त्यात शिरतो आणि १२, ५ आणि ३.३ व्होल्टचा डीसी होऊन बाहेर पडतो. याच्यामुळे गेम फास्ट पळत नाही, मित्रांना दाखवायलाही काही नसतं. पण बाकीचा सगळा महागडा माल याच्याच हातचं खातो, आणि हा खराब निघाला तर एकटा जात नाही, शेजाऱ्यांना घेऊन जातो.

माझं बजेट होतं ८० हजार. २०२४चा दिवाळी बोनस आणि आठ महिन्यांची बचत. ईएमआय नाही, घरून एक रुपया नाही. रायझन ५ ७६००, आरटीएक्स ४०६०, सोळा जीबी रॅम, एक टीबी एसएसडी. पहिलाच पीसी, आणि तो स्वतः जोडायचा, ही हौस! लिस्टमधला शेवटचा रकाना तेवढा रिकामा होता.

एका शनिवारी सकाळची ट्रेन पकडून मुंबई गाठली. ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड. तिथल्या एका दुकानदाराने प्रश्न पुरा व्हायच्या आत सोडवून टाकला. "मॅडम, कॅबिनेट के साथ फ्री है, पाँच सौ वॅट!" डबा हातात घेतला तर टिफिनपेक्षा हलका. मग त्यावरचा स्टिकर वाचला. मंडळी, खरा फंडा तिथे असतो. हल्लीचे प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड जवळपास सगळी पॉवर १२ व्होल्टच्या लाइनमधून ओढतात. त्यामुळे मोठ्या अक्षरातले वॅट सोडून द्यायचे आणि १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिलेत ते बघायचं. या महाशयांच्या समोर होते १८. बारा गुणिले अठरा, २१६ वॅट. नाव पाचशे! चांगल्या ५५० वॅटच्या डब्यावर तिथेच ४५च्या आसपास अँपिअर दिसतात, म्हणजे ५४० वॅट.

मी काही न घेता परत आले आणि रात्री बार्शीला फोन लावला.

आमचे बाबा लाइनमन म्हणून रिटायर झालेत. माझ्या या प्रोजेक्टचं नाव त्यांनी 'ऐंशी हजाराचं खेळणं' ठेवलं होतं, आणि दिवाळीपासून विषय निघाला की ते टीव्हीचा आवाज वाढवायचे. रॅम, एसएसडी वगैरे मंडळींशी त्यांचं काही देणंघेणं नाही. पण वॅट म्हटल्यावर टीव्ही म्यूट झाल्याचं मला फोनवरही कळलं.

"खातो किती तुझा डबा?"

मी हिशेब सांगितला. कार्ड ११५ वॅट, प्रोसेसर फुल लोडवर ८८, बोर्ड, पंखे, बाकीचं मिळून ५०-६०. साधारण २६०.

"मग डबल धर. मोटार काय, ट्रान्सफॉर्मर काय, कायम पूर्ण लोडवर ठेवू नये."

बाबांना हे कुणी शिकवायला लागलं नाही, पण एसएमपीएसही साधारण निम्म्या लोडवरच सगळ्यात खुशीत असतो. शिवाय हल्लीची मोठी कार्डं क्षणभरासाठी नेहमीपेक्षा बरीच जास्त पॉवर ओढतात. २०२२मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० स्टँडर्डमध्ये हे झटके सोसायची अटच घातली आहे. पुढे आरटीएक्स ४०७०सारखं २०० वॅटचं कार्ड घ्यायचं म्हटलं तरी पुरावा, म्हणून ६५० वॅटवर आमचं एकमत झालं.

राहिला प्रश्न ब्राँझ की गोल्ड. ही '८० प्लस'ची सर्टिफिकेटं, २००४ पासून चालत आलेली. भिंतीतून घेतलेल्या विजेतली किती कामाला येते आणि किती नुसती उष्णता होऊन जाते, एवढंच ती सांगतात. ढोबळमानाने ब्राँझ ८५ टक्के, गोल्ड ९०. मला अर्थातच गोल्ड हवा होता. नाव तर बघा! बाबांनी कागद घेतला. २६० वॅटला ब्राँझ भिंतीतून ३०६ घेणार, गोल्ड २८९. फरक १७ वॅट. रोज चार तास खेळलीस तर महिन्याला दोन युनिट. युनिटला दहा रुपये धरले तरी वीस रुपये. "आणि वर किती मागतायत?" अठराशे. "म्हणजे साडेसात वर्षं. तोवर खेळणार आहेस का?"

या प्रश्नाला मी उत्तर दिलं नाही. पण माझंही मत आता तेच झालंय : रंगाच्या मागे लागण्यापेक्षा वॉरंटी बघावी (पाच वर्षांच्या खाली जाऊ नये), आणि ओव्हरव्होल्टेज, ओव्हरकरंट, शॉर्टसर्किट ही प्रोटेक्शन्स आहेत ना ते बघावं. सुट्या केबलवाला मॉड्युलर घेतलात तर एकाची केबल दुसऱ्या कंपनीच्या डब्याला कधीही लावू नका. प्लग बसतो, पण आतली वायरिंग वेगळी असते आणि एसएसडीचा जीव जातो.

मग बाबांनी विचारलं, "खोलीत अर्थिंग आहे ना?"

आता भाड्याच्या फ्लॅटमध्ये हे कोण बघतं? पण फ्रीजला ओला हात लागला की बारीक चिमटा बसायचा, ते मी सांगून टाकलं. बाबा गप्पच झाले. एसएमपीएसच्या आत फिल्टरसाठी कपॅसिटर असतात, त्यांचा थोडा करंट पत्र्यावर येतो आणि अर्थिंगच्या वायरने जमिनीत जातो. वायरच नसेल तर पत्रा अर्ध्या व्होल्टेजवर, म्हणजे शंभर-सव्वाशेवर तरंगत राहतो. त्याने नुसत्या झिणझिण्या येतात. पण आत काही फुटून फेज पत्र्याला टेकली, तर मग झिणझिण्यांवर भागत नाही.

बाबांच्या उजव्या तळहातावर एक पांढरा वण आहे. कुकरने भाजलं, असं आई सांगायची. त्या रात्री कळलं की ते १९९४ साली झालं. लाइन बंद होती, पण कुठल्या तरी पिठाच्या गिरणीचा जनरेटर तिच्यात उलटा करंट सोडत होता. काम सुरू करण्याआधी तारांना अर्थिंगचा रॉड अडकवायचा असतो, तो त्या दिवशी अडकवला नव्हता. खांबावर त्यांच्या बरोबर अजून एक जण होता. त्याचं नाव बाबांनी सांगितलं, आणि पुढचं नाही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी इलेक्ट्रिशियन बोलावला. तिसऱ्या भोकात वायरच नव्हती! घरमालक काका म्हणाले, इतकी वर्षं कुणाला काही झालं नाही. मी फोन बाबांकडे दिला. दहा मिनिटं काय बोलणं झालं माहीत नाही, पण काका निम्मा खर्च भाड्यातून वळता करायला तयार झाले. मीटरपासून हिरवी वायर ओढायचे १,८०० रुपये झाले, गोल्डवर जाणार होते तेवढेच. ब्राँझ ६५० मी त्याच आठवड्यात घेतला.

वायर ओढून झाल्यावर बाबांनी व्हिडिओ कॉलवरून इलेक्ट्रिशियनला न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये मीटर धरायला लावलं. दीड व्होल्ट आलं. आकडा त्यांनी दोनदा विचारून घेतला.

"हां. आता लाव तुझा डबा."