निळे ओठ, निळी जीभ

रक्तात ऑक्सिजन कमी पडला की ओठ, नखे, जीभ यांवर निळसर झाक येते. वैद्यकात तिला सायनोसिस म्हणतात. रक्त मात्र निळे कधीच नसते. ऑक्सिजन धरलेले हिमोग्लोबिन लालभडक असते, तो सोडलेले काळपट लाल. तेच कातडीआडून निळे भासते. केशवाहिन्यांत दर १०० मिलिलिटर रक्तामागे असे काळपट हिमोग्लोबिन सुमारे ५ ग्रॅम झाले की ते नजरेत भरते.

फसगत इथेच होते. निळेपणा काळपट हिमोग्लोबिनच्या टक्क्यांवर नव्हे, ग्रॅमवर ठरतो. रक्त भरपूर असलेला माणूस लवकर निळा पडतो. हिमोग्लोबिन ६ ग्रॅमवर आलेला रुग्ण गुदमरत असला तरी फिकटच दिसतो.

थंडीत बोटे निळी पडतात ती तिथला रक्तप्रवाह मंदावल्याने. ऊब मिळाली की रंग परततो. नवजात बाळाचे तळहात-तळपाय पहिले एक-दोन दिवस निळसर असणेही नेहमीचेच. जीभ मात्र कायम उबदार. ती निळी झाली तर दोष बहुधा फुप्फुसांत किंवा हृदयात असतो. सावळ्या वर्णावर कातडीवरून अंदाज येत नाही. जीभ आणि हिरड्या चांगल्या उजेडात पाहाव्या लागतात.

हृदयाच्या अशा जन्मजात दोषांपैकी एक फॅलो यांच्या नावाने ओळखला जातो. खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक असते आणि फुप्फुसाकडची वाट अरुंद, त्यामुळे अशुद्ध रक्त फुप्फुसात न जाताच अंगभर फिरते. असे मूल खेळताखेळता धापा टाकते आणि कुणी न सांगता उकिडवे बसते. दुमडलेल्या पायांमुळे अंगाकडे जाणाऱ्या रक्ताला अडथळा वाढतो, फुप्फुसाच्या वाट्याला जास्त रक्त येते आणि मुलाला हुशारी वाटते. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात २९ नोव्हेंबर १९४४ रोजी आल्फ्रेड ब्लेलॉक यांनी अशा एका बाळाच्या हाताकडची धमनी फुप्फुसाच्या धमनीला जोडली. कल्पना हेलन टाउसिग यांची. प्रयोगशाळेत कुत्र्यांवर ती जोडणी बसवणारे व्हिव्हियन टॉमस त्या वेळी ब्लेलॉक यांच्या मागे उभे राहून सूचना देत होते.

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर निळेपणाच्या आधीच घट दाखवतो. पण गार बोट, नेलपॉलिश यांनी तो चुकतो आणि गडद वर्णावर कधी खऱ्याहून चढा आकडा देतो. जीभ निळी दिसली, तर आकडा काहीही असो, तडक रुग्णालय गाठावे.