साऊथ फेसिंग!

'साऊथ ऑफ फ्रान्स'ला राहते असं सांगितलं की मुंबईतल्या मैत्रिणींचे चेहरे बघण्यासारखे होतात. त्यांच्या डोळ्यांसमोर लगेच कानचं रेड कार्पेट, लव्हेंडरची शेतं, निळाशार समुद्र आणि मोठ्ठी हॅट घातलेली मी! सॉरी गर्ल्स. आम्ही राहतो तुलूजला. समुद्र इथून दीडशे किलोमीटर लांब, लव्हेंडर भेटतं ते साबणात, आणि गावाची ओळख म्हणजे विमानं, रग्बी आणि विटा. जुन्या तुलूजच्या भाजक्या विटा संध्याकाळच्या उन्हात चक्क गुलाबी दिसतात, म्हणून याचं लाडाचं नाव 'गुलाबी शहर'. एअरबसचं मुख्यालय शेजारच्या ब्लान्याकमध्ये असल्यामुळे पुण्या-बंगलोरचे इंजिनीअर इथं भेटतच असतात. माझा नवरा त्यातलाच एक.

इथं रुळायचं म्हणजे काय काय शिकावं लागतं, विचारू नका. दुकानात शिरल्या शिरल्या 'बोंजूर' म्हणायचं. न म्हणता थेट भाव विचारलात तर समोरची बाई ठासून 'बोंजूर' म्हणते आणि तुम्ही परत म्हणेपर्यंत वाट बघते. चॉकलेट घातलेल्या त्या पदरदार पावाला पॅरिसवाले काहीही म्हणोत, इथं 'शोकोलातीन'च म्हणायचं. हा वाद आपल्या पुणेरी मिसळ की कोल्हापुरी मिसळ इतकाच गंभीर आहे. कॅरी बॅगला 'पोश' म्हणायचं. व्हिक्टर ह्युगो मंडईत सोमवारी जायचं नाही, बंद असते. उन्हाळ्यात दुपारी खिडक्यांची लाकडी दारं ओढून घर अंधारं करून बसायचं, आमच्या आजोळी बसायचे तस्संच. आणि आग्नेयेकडून 'ओतां' नावाचा वारा सुटला की कोणाच्याही चिडचिडीला माफी असते. तो वारा माणसांना वेड लावतो, असं इथं सगळेच म्हणतात!

सात वर्षं भाड्याच्या घरात काढल्यावर नवऱ्याला घर घ्यायचं वेड लागलं, तेही बहुतेक ओतांमुळेच.

आता घर घ्यायचं तर आधी बँक. आपल्याकडे जसा 'पर्मनंट आहेस का?' हा प्रश्न, तसा इथं 'सेदेई आहे का?' म्हणजे कायम नोकरीचा करार. तो असला की समोरच्याचा चेहरा एकदम खुलतो. मग नियम. हप्ता आणि विमा धरून उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांवर सहसा जायचं नाही. मुदत साधारण २५ वर्षांपर्यंतच. व्याजदर बहुतेक वेळा फिक्स्ड, त्यामुळे पहिला हप्ता जेवढा तेवढाच शेवटचा. नवऱ्याला हे भलतंच आवडलं. मी मात्र मनात हिशेब करत होते. २५ वर्षं! मी एकसष्टची होईन. बाबा आत्ताच चौऱ्याहत्तरचे आहेत.

मग सुरू झाली शनिवारची घरदर्शनं. इथली भाषा वेगळी. टू बीएचकेला इथं 'टी-३' म्हणतात, कारण हॉल आणि दोन बेडरूम मोजायच्या; किचन, बाथरूम हिशेबातच नाही. संडास आणि बाथरूम बऱ्याच घरांत वेगवेगळे असतात. व्हिडिओ कॉलवर हे ऐकून बाबा खूश. "बघ, आमच्या चाळीतली पद्धत!"

त्यांचा पुढचा प्रश्न अर्थातच, "बासष्ट स्क्वेअर मीटर म्हणजे कार्पेट की बिल्टअप?" बाबांनी डोंबिवलीत तीन वेळा घरं बदलली आहेत आणि तिन्ही वेळा बिल्डरशी याच शब्दावरून भांडले आहेत. त्यांना मी सांगितलं की इथं १९९६ सालचा कारेझ कायदा आहे. सोसायटीतला फ्लॅट विकताना क्षेत्रफळ लिहून द्यावंच लागतं. भिंती, जिने धरायचे नाहीत, बाल्कनी धरायची नाही, आणि जिथं छत १.८० मीटरपेक्षा खाली आहे ती जागासुद्धा धरायची नाही. लिहिलेल्यापेक्षा पाच टक्क्यांहून जास्त कमी भरलं तर वर्षाच्या आत किमतीत कपात मागता येते. बाबा बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "आपल्याकडे रेरा यायला २०१६ उजाडलं!"

आईची चिंता वेगळी. इथले एजंट ज्या गोष्टीवर सगळ्यात जास्त भाव खातात ती म्हणजे 'प्लँ स्युद', अर्थात घराचं तोंड थेट दक्षिणेला. हिवाळ्यात खोलीभर ऊन येतं, म्हणून सगळ्यांना तेच हवं असतं. मी उत्साहाने सांगितलं, "आई, साऊथ फेसिंग आहे!" पलीकडे शांतता. "दक्षिण? अगं, दक्षिणेला..." पुढचं वाक्य तिने गिळलं. शेवटी दार पूर्वेला आहे आणि फक्त हॉलच्या खिडक्या दक्षिणेला आहेत, एवढ्यावर तह झाला.

बघता बघता दोन घरं उरली. पहिलं गारोनच्या पलीकडे सां-सिप्रियेंमध्ये. विटांच्या उघड्या भिंती, जुन्या लाकडी तुळया, खिडकीतून घुमट दिसतो. एकदम मॅगझिनमधलं! तिसरा मजला, लिफ्ट नाही. दुसरं मिनिम भागात, मेट्रोपासून चालत पाच मिनिटं. सत्तरच्या दशकातली साधी चौकोनी बिल्डिंग. फोटो काढावा असं काही नाही. चौथा मजला, लिफ्ट आहे.

नवऱ्याचा जीव तुळयांवर जडला होता. माझं उत्तर एका शब्दाचं होतं: गुडघे. बाबांच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. शेंगेन व्हिजिटर व्हिसावर त्यांना १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. ते ९० दिवस त्यांनी तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत बसून काढायचे का?

दोन दिवस अबोला, आणि मग लिफ्ट जिंकली.

त्यानंतर कागद. इथं घर विकणाऱ्याला घराचा मेडिकल रिपोर्टच द्यावा लागतो म्हणा ना! वीज-गॅसची जुनी जोडणी, वाळवी, जुन्या बांधकामात अ‍ॅस्बेस्टॉस. आणि ए ते जी अशी ऊर्जेची ग्रेड. या ग्रेडला हलकं समजू नका. १ जानेवारी २०२५ पासून 'जी' ग्रेडची घरं नव्याने भाड्याने देता येत नाहीत. आमचं घर 'डी', म्हणजे काठावर पास नाही, पण पेढेही नाहीत. सोबत सोसायटीच्या मागच्या तीन वर्षांच्या सभांची इतिवृत्तं. नवऱ्याने शब्दकोश घेऊन ती वाचून काढली आणि हसत सुटला. जिन्याखाली सायकली कोण लावतं, बाहेरच्या रंगाचा खर्च तळमजल्यावाल्यांनी का द्यायचा... नुसती नावं बदला, आमची डोंबिवलीची सोसायटी!

मग आला प्राथमिक करार, 'कॉम्प्रोमी'. त्यावर सह्या झाल्या की कायदा खरेदीदाराला दहा दिवस देतो. त्या दहा दिवसांत रजिस्टर्ड पत्र पाठवून व्यवहारातून बाहेर पडता येतं. कारण द्यायची गरज नाही, दंड नाही, भरलेली रक्कम परत. विकणाऱ्याला ही सवलत नाही.

ऐकायला किती छान वाटतं ना? मला मात्र त्या दहा दिवसांत झोप लागली नाही. कारण दर रविवारी फोनवर आई विचारते, "परत कधी?" आणि मी सात वर्षं म्हणत होते, "बघू." भाड्याच्या घरात 'बघू' चालतं. २५ वर्षांच्या कर्जात ते कुठे बसवायचं?

सहाव्या दिवशी मी बाबांना सरळच विचारलं, "आम्ही हे घर घेतलं तर तुम्हाला काय वाटेल?"

बाबा म्हणाले, "१९८४ साली डोंबिवलीत वन रूम किचन घेतलं, तेव्हा अण्णांनी विचारलं होतं, म्हणजे आता तू तिकडचाच? मी म्हटलं, नाही हो, दर गणपतीला येईन. एकदाही चुकवलं नाही. पण अण्णा गेले तेव्हा मी एसटीत होतो, वडखळ नाक्यावर. तुझंही तसंच होणार, बाळा. ते धरूनच चाल. पण मला सांग, डोंबिवलीत मी भाड्याने राहिलो असतो तर एसटी लवकर पोचली असती का?"

मला काही बोलता येईना. तुलूजहून मुंबईला थेट विमान नाही, मध्ये कुठेतरी बदलावंच लागतं. हे त्यांनाही माहीत आहे.

तेच मग म्हणाले, "बरं, लिफ्टमध्ये माणसं किती मावतात?"

"चार."

"पुरे."

पत्र पाठवलं नाही. अकराव्या दिवशी नवऱ्याने शोकोलातीन आणल्या आणि आम्ही त्या न बोलता खाल्ल्या. पुढे तीनेक महिने गेले. मधल्या काळात महापालिकेला हे घर आपल्याला घ्यायचंय का, हेही विचारावं लागतं! मग सरकारने नेमलेल्या नोतेरने खरेदीखत वाचून दाखवलं, आम्ही सह्या केल्या आणि किल्ल्या घेतल्या. छोट्या खोलीसाठी बेताच्या उंचीचा पलंग आणलाय. आईने देव्हाऱ्याची जागा फोनवरूनच ठरवली, ईशान्येलाच.

तर मंडळी, तुमच्यापैकी कोणी इकडे घर बघत असाल, तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. जुनं घर घेणार असाल तर नोंदणीच्या खर्चासाठी किमतीच्या सात-आठ टक्के वेगळे काढून ठेवा. त्यातला बहुतेक भाग कर असतो, त्यामुळे घासाघीस चालत नाही. आणि ते दहा दिवस पूर्ण वापरा. घरी फोन करा. कार्पेट एरिया, लिफ्ट, दिशा, सगळं बोलून झालं की जो प्रश्न दोघंही टाळताय, तोसुद्धा विचारून टाका.